बाराव्या दिवसाची नक्कल

किशनराव गायकवाड वकिलांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली ती दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेली पाल उचलावी तशी. बीदरला लिंगराज खेळग्यांच्या ओसरीवर फेब्रुवारीचं लख्ख ऊन पडलं होतं, तरी वकिलांच्या मानेवरचा काटा काही जात नव्हता.

लिंगराज खेळगे खाजगी तपासाची कामं करीत. निजामाच्या अमदानीत ते पोलिसात होते. आता दडलेले कागद आणि दडलेली माणसं शोधून देत. साठी उलटलेली, अंग काटकुळं, कपाळाला विभूती, आणि नजर अशी की समोरच्याला आपल्या सदऱ्याचं तुटलेलं बटण आठवावं. त्यांनी चिठ्ठी वाचली.

'कोंडाबाई, डगमगू नको. दस्त खरा आहे. मी स्वतः लिहिला आहे.'

"अक्षर झकास हाय," लिंगराज म्हणाले. "कुणाचं?"

"राघोबा नकलनविसाचं."

"मग त्यालाच जाऊन विचारा की. माझ्याकडं कामून आलाव?"

"अण्णा, राघोबा एकसष्ट साली वारला. सात वर्षं व्हायला आली. आन् ही शाई कालची हाय." किशनराव कोर्टात शुद्ध बोलत, घाबरले की त्यांची भाषा आपोआप गावाकडे वळे.

पायरीवर कोंडाबाई सूर्यवंशी बसली होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. तिच्या नवऱ्यानं एकसष्ट साली रामराव पाटलाकडून चार एकर रान विकत घेतलं आणि तालुक्याच्या सबरजिस्ट्रार कचेरीत खरेदीखत नोंदवलं. पुढं झोपडी जळाली, त्यात मूळ कागद गेला. घेणारा गेला, देणाराही गेला. उरली ती फक्त सरकारी नक्कल; कारण कचेरीत आलेला प्रत्येक दस्त नकलनवीस हातानं मोठ्या नोंदवहीत उतरवून ठेवतो.

"आता पाटलाचा मुलगा माणिकराव म्हणतो, बापानं रान विकलंच नव्हतं," किशनराव सांगू लागले. "नकलेखाली नाव राघोबाचं, तारीख बावीस जुलै. राघोबा वारला अकरा जुलैला. मेलेला माणूस लिहीत नाही, म्हणून नक्कल बनावट. विकणाऱ्याचा अंगठा दुसऱ्या वहीत घेतात, तिथं ताळा पडला असता. पण नेमकं तेच पान त्या वहीत नाही. परवा गुरुवारी सबरजिस्ट्रार चौकशी करून कोर्टाला अहवाल देणार आहेत. तो उलटा गेला की रान गेलं."

"अकरा ते बावीस," लिंगराजांनी बोटं मोजली. "म्हणजे बारावा दिवस."

"तेराव्यापत्तुर जीव घरातच घुटमळतो म्हनत्यात," कोंडाबाई हळूच म्हणाली. "आमी बाबासाहेबांच्या मागं गेलो, आता ते मानत न्हाई. पर चिठ्ठी तर आली ना, बाबा?"

किशनरावही मानत नसत. छप्पन साली वडिलांच्या शेजारी उभं राहून त्यांनीही बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. आता त्या प्रतिज्ञा ते मनातल्या मनात पुन्हा म्हणत होते, एवढंच.

"चिठ्ठी घावली कुठं?" लिंगराजांनी विचारलं.

"काल वकीलसाबांनी अंगठ्याची वही बघितली, पान न्हाई म्हनले. मी कचेरीच्या पायरीवर बसून रडायले. लोक येत व्हते, जात व्हते. झाडायच्या बाईनं घरून तांब्याभर पानी आनून दिलं. तिथं माझ्या हातात तांब्या देनारी ती पहिलीच. घरी जाऊन पाटीतली भाजी काढली, तर खाली चिठ्ठी."

लिंगराजांनी चिठ्ठीच्या घडीतून बोट फिरवलं. बोटाला करडी भुकटी लागली. ती त्यांनी उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

*

बुधवारी सकाळी दोघं तालुक्याला उतरले. कचेरी जांभ्या दगडाची, जुनी. तिच्या मागच्या अंगाला दफ्तराची खोली. एकच खिडकी, छतापर्यंत मांडण्या, लिंबाच्या वाळल्या पाल्याचा आणि कापराचा वास. दाराच्या चौकटीला लिंबू-मिरची टांगली होती. सरकारी दफ्तराला दृष्ट कुणाची लागणार, असं किशनरावांच्या मनात आलं. पण आत पाय टाकल्याबरोबर तो विनोद त्यांच्या घशातच राहिला. खोलीत बाहेरच्यापेक्षा गार होतं.

दफ्तराचा जुना शिपाई अमृतप्पा उंबऱ्यापाशीच थांबला.

"तुम्ही बगा, साब. म्या आत येत न्हाई. संक्रांतीपासून किल्लीबी हणमंतराव क्लार्कांकडंच दिलीय."

"कामून? काय दिसलं तुला?"

"मला दिसलं न्हाई, ऐकू आलं. लई वर्सं झाली. दुपारी जेवून वऱ्हांड्यात आडवं झालं की आतून टाक चालल्याचा आवाज यायचा. कर्र, कर्र. सवय झाली व्हती. पर संक्रांतीला हणमंतरावांनी डोळ्यांनी बघितलं. राघोबा खिडकीत बसून लिहायला लागलेला."

"त्या वेळी आत कोण असतं, दुपारी?"

"कुनीच न्हाई. झाडलोट चाललेली आसती, तेवढंच."

लिंगराजांनी चौदावा खंड उतरवला. पान दोनशे अकरा. किशनरावांनी ते आधी दोनदा पाहिलं होतं, तरी पुन्हा अंगावर शहारा आला. पानभर एका दमात ओढलेल्या शिरोरेघा आणि त्यांना वाळत घातल्यासारखी टांगलेली अक्षरं. मोडी शिकलेली जुनी माणसं आधी रेघ ओढत आणि मग अक्षर लिहीत, तशी. चिठ्ठीतही तेच. खाली 'नक्कल करणार राघोबा', तारीख बावीस सात एकसष्ट.

पान उलटताच किशनरावांना सटासट शिंका आल्या. वहीच्या शिवणीत करडी भुकटी साठली होती.

"कसर लागलीय वहीला," ते नाक पुसत म्हणाले.

"कसर न्हाई, साब," अमृतप्पा उंबऱ्यावरून पुटपुटला. "राख हाय ती. चितेची."

लिंगराजांनी चिमूट जिभेला लावली. किशनरावांनी तोंड फिरवलं.

"राखच हाय," लिंगराज शांतपणे म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या नकलनविसांची पानं चाळली. तिथं टीपकागदाचे उलटे डाग होते, राख नव्हती. राघोबाच्या अक्षरातल्या जुन्या वह्या काढल्या. पंचावन्न, सत्तावन्न, साठ. सगळ्यांच्या शिवणीत राख.

"तेव्हा तर तो जिवंत होता," किशनराव चक्रावून म्हणाले.

"व्हय. जिवंतपणीच स्वतःच्या चितेची राख सांडायला लागला म्हणायचं." लिंगराज अमृतप्पाकडे वळले. "माणूस कसा व्हता?"

"देवमाणूस. अक्षर तर मोत्यावानी. आधी एवढं देखनं नव्हतं, पर बावन्न-त्रेपन्नपासून हात बसला. सोभाव बी तसाच. आपन नुसतं दारात यावं, तर मान वर न करता म्हनायचा, 'कोण, अमृतप्पा का?' पायांच्या चाहुलीवर माणूस वळखायचा. कायम खिडकीतच बसायचा."

"चष्मा होता?"

"न्हाई. कचेरीत कदीच न्हाई."

लिंगराजांनी जुना हजेरीपट मागवला. राघोबाची रोजची सही त्यात होती. चौकटीच्या बाहेर गेलेली, तिरकी, कधी वरच्या माणसाच्या नावावर चढलेली.

"घाईत करत असेल," किशनराव म्हणाले.

"वर्षाचे तीनशे दिवस?" लिंगराजांनी पट मिटला. "अमृतप्पा, तो गेला तेव्हा ह्यो चौदावा खंड कुठं व्हता? खरं सांग. सात वर्षांनी तुला कोण फाशी देणार न्हाई."

अमृतप्पानं इकडंतिकडं पाहिलं. "काम तुंबलं की राघोबा वही आन् दस्त पोत्यात बांधून घरी न्यायचा. त्या येळेला शनवारी नेलं, मंगळवारी गेला. सुतकाच्या घरातून वही कशी आनावी? साहेब म्हनले, तेरावं होऊ दे. मंग सोमवारी म्याच जाऊन पोतं आनलं."

किशनरावांनी मनातल्या मनात दिवस मोजले. म्हणजे बाराव्या दिवशी वही त्याच घरात होती. जिथं त्याचा जीव घुटमळत होता, तिथं.

*

हणमंतराव क्लार्क गुळगुळीत दाढीचे, लाघवी गृहस्थ. त्यांनी चहा मागवला.

"मी त्रेसष्टला बदलून आलो. राघोबांना जिवंत कधी पाहिलं नाही," ते म्हणाले, "पण मेल्यावर पाहिलं! खिडकीत बसले होते. गोल काचांचा काळा चष्मा, तिरकी टोपी, डाव्या खांद्यावर उपरणं. मी ओरडलो तर काही नाही."

"त्यांच्या घरच्यांना सांगितलंत?"

"कुणाला सांगू? बायको आहे, वच्छलाबाई. इथंच झाडायला असते. तेव्हाच्या साहेबांनी दया करून ठेवली. पण तिच्या घराचा उंबराही मी पाहिलेला नाही. बिचारीला उगीच कशाला भीती घालायची?"

"अंगठ्याची वही बघायला कोण कोण आलं?"

"अर्जाशिवाय वही कुणाला दाखवत नाही आम्ही." हणमंतरावांनी अर्जांची फाईल पुढं सरकवली. तिच्यात अंगठ्याच्या वहीसाठी एकच अर्ज होता, किशनरावांचा, बारा फेब्रुवारीचा. माणिकरावांनी जानेवारीत फक्त नोंदवही पाहिली होती.

माणिकराव पाटील बाहेर वऱ्हांड्यातच भेटले. पांढरं धोतर, सोन्याची अंगठी, आवाजात जरब.

"मेलेल्यानं लिवलेला दस्त जित्या माणसाला लागू व्हत न्हाई, वकीलसाब," ते हसले. "माझ्या बापाचा अंगठा दाखवा, रान घेऊन जावा."

"हणमंतराव ओळखीचे दिसतात," लिंगराज म्हणाले.

"व्याही हायेत. वैशाखात माझी मुलगी त्यांच्या घरी जायची हाय. त्यात लपवायचं काय?"

त्यांनी कोर्टात दिलेला अर्ज किशनरावांच्या पिशवीत होताच. लिंगराजांनी तो मागून घेऊन वाचला. 'अंगठ्यांच्या वहीत सदर दिवसाचे पानच नाही,' असं त्यात ठासून लिहिलं होतं. खाली तारीख, पाच फेब्रुवारी.

दुपारी दोघं वऱ्हांड्यात भाकरी खायला बसले. कचेरी पेंगत होती. अमृतप्पा तोंडावर रुमाल टाकून आडवा झाला होता. आणि किशनरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

कर्र. कर्र. मग थांबून, पुन्हा कर्र.

आवाज दफ्तराच्या खोलीतूनच येत होता. कोरड्या टाकाचा, कागदावर चालणाऱ्या. किशनराव उठले. वकिली अब्रूचा प्रश्न होता. दारापर्यंत पोचले तोवर आवाज थांबला. खोली रिकामी. झाडणारी बाई तेवढी केराची टोपली घेऊन बाहेर पडत होती. तिला वाट देऊन ते आत डोकावले, मांडण्यांच्या मागं पाहिलं, खिडकी पाहिली. खिडकीला गज होते.

"कोण व्हतं?" परत आल्यावर लिंगराजांनी विचारलं.

"कुणीच नाही," किशनराव म्हणाले.

लिंगराजांनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि भाकरी मोडली.

*

दिवस कलायच्या आत ते वच्छलाबाईच्या घरी गेले. कुडाच्या भिंतीची एकच खोली, शेणानं स्वच्छ सारवलेली. भिंतीवर राघोबाचा हार घातलेला फोटो होता. गोल काचांचा काळा चष्मा, तिरकी टोपी, डाव्या खांद्यावर उपरणं.

"चष्मा कचेरीत लावत नव्हते म्हणं," लिंगराज म्हणाले.

"शेवटच्या म्हैन्यात बीदरच्या डाक्टरानं दिला. त्याच दिवशी फोटू काढला," वच्छलाबाई म्हणाली. पंचावन्नची असेल, बोलणं मोजकं, पदर घट्ट. "कचेरीत घालत नव्हते. लोकं म्हनतील, नकलनविसाचे डोळे गेले."

"दुसरा फोटो कुणाकडं हाय?"

"ह्यो एकच. घराच्या भायेर कदी गेला न्हाई."

लिंगराजांनी चिठ्ठी तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली नाही.

"मला काय कळतंय त्यातलं? हजेरीला बी अंगठा उठवते मी."

तिनं त्यांना गुळाचा खडा दिला. हात पुढं आला तेव्हा किशनरावांना दिसलं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला वरच्या पेराशी शेंगदाण्याएवढी टणक गाठ होती. जन्मभर जातं ओढून ओढून बिचारीचे हात कसे झालेत, असं त्यांना वाटलं आणि ते हळहळले.

निघताना लिंगराज उंबऱ्यात थांबले. "अक्का, उद्या अकराला चौकशी हाय. कोंडाबाईचं रान राहतं का जातं, ते उद्याच ठरंल."

वच्छलाबाई चुलीतली राख पुढं ओढू लागली.

रस्त्यात किशनरावांना राहवलं नाही. "अण्णा, काही कळलं का?"

"पान फाडणारा कळला. भूतही कळलं."

"मग सांगा की!"

"पान फाडणाऱ्याचं नाव सांगीन. पण भुताला बोलतं करायचा अधिकार मला न्हाई. ते आपणहून बोललं तर बोललं."

*

गुरुवारी अकराला सबरजिस्ट्रार साहेबांच्या टेबलाभोवती सगळे जमले. साहेब धारवाडकडचे, नियमाला चिकटून चालणारे, मराठी तोलून-मापून बोलणारे. माणिकराव खुर्चीत, हणमंतराव फायली घेऊन उभे, अमृतप्पा दारात. कोंडाबाई भिंतीशी उभी होती. बस कुणी म्हणालं नव्हतं. वच्छलाबाई कोपऱ्यातला माठ भरत होती.

"ऐकतो मी," साहेब म्हणाले. "सांगा."

लिंगराज उठले. "आधी हरवलेलं पान. माणिकरावांच्या अर्जात पाच तारखेला लिहिलंय, की अंगठ्याच्या वहीत पान न्हाई. पण त्या वहीसाठी पहिला अर्ज आला बारा तारखेला, आमच्या वकीलसाहेबांचा. माणिकरावांनी ती वही उघडलेलीच न्हाई. मग पान नसल्याचं त्यांना आठवडाभर आधी कुणी सांगितलं? ज्यानं ते काढलं त्यानं, किंवा काढणाऱ्याच्या सोबत्यानं."

माणिकरावांची अंगठी खुर्चीच्या हातावर वाजायची थांबली.

"दफ्तराची किल्ली अमृतप्पाकडं असायची. त्याच्या डोळ्यांदेखत पान काढता येत न्हाई. म्हणून त्याला खोलीतून बाहेर काढायला पाहिजे होतं. तो आधीच आवाजाला भिऊन होता. संक्रांतीला हणमंतरावांनी त्याला भूत दाखवलं आणि किल्ली आपसूक त्यांच्या हातात आली."

"मी खरंच पाहिलं!" हणमंतराव म्हणाले.

"काय पाहिलं? गोल चष्मा, तिरकी टोपी, डाव्या खांद्यावर उपरणं. राघोबा कचेरीत चष्मा कधी लावत नव्हता. तुम्ही त्याला जिवंत पाहिलेला न्हाई. चष्म्यातला राघोबा अख्ख्या जगात एकाच जागी हाय, त्याच्या बायकोच्या भिंतीवर. आन् त्या घराचा उंबरा तुम्ही पाहिलेला न्हाई म्हणता. कामून खोटं बोललाव? मरणाची नेमकी तारीख काढायला तिथं गेला होता, म्हणून."

कोपऱ्यातून आवाज आला. "दिवाळीच्या मागं आले व्हते. कागद करायचा म्हनले आन् तारीख इचारून गेले." वच्छलाबाईनं मान वर केली नव्हती.

हणमंतरावांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही खिडकीबाहेर पाहू लागले.

"पान जाळलं असणार, ते आता मिळायचं न्हाई," लिंगराज पुढं म्हणाले. "म्हणून सगळा भार त्या नकलेवर. ती मेलेल्यानं कशी लिहिली?"

किशनरावांनी नकळत खुर्ची भिंतीपासून पुढं ओढली.

"साहेब, बनावट नक्कल करणारा सगळ्यात आधी तारीख सांभाळतो. राघोबाच्या नावावर खोटं लिहायचं, तर तो दहा जुलै घालील. मेल्यानंतरची तारीख कोण घालील? ज्याला खोटं लिहायचंच न्हाई तोच. ज्या दिवशी लिहिलं तोच दिवस खाली लिहायचा, हा नियम ज्याच्या हाडात मुरलाय तो. ही चूक लबाडाची न्हाई, इमानदाराची हाय."

"पण इमानदार कोण?" साहेबांनी विचारलं.

"बाराव्या दिवशी वही राघोबाच्या घरात होती. तेरावं झाल्यावर अमृतप्पानं ती आणली. म्हणजे लिहिलं ते घरात. राघोबाच्या अक्षरातलं पान न् पान घरातच लिहिलं गेलं. पानांत राख हाय, साहेब. कचेरीत टीपकागद असतो. घरात शाई वाळवायला चुलीची गाळलेली राख. नऊ वर्षांच्या वह्यांत ती हाय. सोमवारच्या चिठ्ठीतही हाय. आता राघोबाकडं बघा. माणूस चाहुलीवर ओळखायचा, उजेडात बसायचा, सही चौकटीत बसत नव्हती. त्याचे डोळे बावन्न-त्रेपन्नलाच गेले होते. आन् त्याच साली त्याचं अक्षर एकाएकी देखणं झालं. डोळे गेल्यावर कुणाचं अक्षर सुधारतं?"

"म्हणजे नऊ वर्षं दुसराच माणूस लिहीत होता," साहेब सावकाश म्हणाले.

"व्हय. आन् तो जिता हाय. टाकाची गाठ अजून बोटावर हाय. रोज दुपारी दफ्तराच्या खोलीत कोरडा टाक रद्दीवर चालवतो, हात विसरू नये म्हणून. तोच अमृतप्पाचा आवाज. काल आमच्या वकीलसाहेबांनी तो ऐकला, धावत गेले आणि परत येऊन मला म्हणाले, आत कुणीच नाही."

किशनरावांच्या कानशिलांत रक्त चढलं. केराची टोपली. वाट देण्यासाठी ते बाजूला झाले होते, तिच्या अंगावरून नजर गेली होती, आणि तरी ते म्हणाले होते, कुणीच नाही. त्यांच्या स्वतःच्या आईला पाटलाच्या वाड्यात जन्मभर असंच कुणी मोजलं नव्हतं. हे आपल्याकडून व्हावं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"ते मी घेणार न्हाई. घेतलं तर त्या माणसाची भाकर जाईल, आणि मेलेल्याची अब्रूही." लिंगराज खाली बसले. "माझं काम संपलं."

माणिकराव खाकरले. "म्हणजे पुरावा न्हाईच. बिननावाचा माणूस!"

साहेबांनी अहवाल लिहायला लेखणी उचलली. कोंडाबाईनं डोळ्याला पदर लावला.

वच्छलाबाईनं माठावर झाकण ठेवलं. हात पदराला पुसले. खिडकीजवळच्या रिकाम्या मेजापाशी ती गेली, तिथला कोरा ताव सरळ केला, टाक दौतीत बुडवून काठावर निथळला. मग तिनं पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात न उचलता, एक रेघ ओढली.

"माझा बाप पटवारी व्हता," ती लिहिता लिहिता म्हणाली. "त्यानं शिकविलं. ह्यांचे डोळे गेले, नौकरी जायची पाळी आली. पोत्यात वही यायची, मी लिवायची. ह्ये गेले तवा पोत्यात अकरा दस्त ऱ्हायले व्हते. तसेच धाडले असते तर समदं बाहेर आलं असतं. दहा दिस शिवले न्हाई. मंग दोन दिसात लिवून काढले. कोंडाबाईचा शेवटचा."

"तारीख तरी मागली घालायची, अक्का," अमृतप्पा कळवळून म्हणाला.

"ते सांगायचे, तारीख खोटी झाली की दस्त मेला."

कुणी काही दाखवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. पण कागदावर कोंडाबाईच्या रानाच्या चतुःसीमा उतरत होत्या. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस मशिदीचं इनाम, उत्तरेस रामराव पाटलाचंच उरलेलं रान. सात वर्षांपूर्वी लिहिलेला दस्त तिला तोंडपाठ होता. "त्याच्या मागं मला कुनी लिवाया दिलं न्हाई," ती म्हणाली, "म्हून ध्यानात ऱ्हायला."

साहेबांनी चौदावा खंड उघडून ताव शेजारी धरला. ओळीला ओळ, अक्षराला अक्षर. त्यांनी दोनदा पाहिलं, भिंग घेऊन तिसऱ्यांदा पाहिलं.

"वही घरी नेली, हे गैर झालं. मला वर कळवावंच लागेल," ते शेवटी म्हणाले. "तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही, बाई."

"ठाव हाय, साब."

"पण नक्कल खरी आहे. त्या वेळच्या सबरजिस्ट्रारनी दस्ताशी ताडून सही केली आहे. तसा अहवाल मी आजच कोर्टाला पाठवतो. आणि हणमंतराव, तुम्ही जागेवरून हलायचं नाही. फौजदारांना बोलावतो आहे."

कोंडाबाई मटकन खाली बसली. मग उठून ती मेजापाशी गेली आणि वच्छलाबाईच्या शेजारी उभी राहिली. तिनं तिचा दंड घट्ट धरला.

साहेबांनी ताव पुन्हा मेजावर ठेवला. "खाली नक्कल करणाराचं नाव लागेल. ते लिहा."

वच्छलाबाईनं टाक टेकवला आणि सवयीनं 'रा' चा कानाही ओढला. मग ती थांबली. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तोंडानं जे कधी उच्चारलं नाही ते तिनं नऊ वर्षं रोज हातानं लिहिलं होतं. विकणारे, घेणारे, साक्षीदार, शेजारच्या रानांचे धनी, तालुक्यातल्या हजारो माणसांची नावं तिच्या टाकाखालून गेली होती.

"काय झालं?" किशनरावांनी विचारलं.

"माझं कदी लिवलंच न्हाई," ती म्हणाली.

तिनं ते एक अक्षर खोडलं, शेजारी नवी रेघ ओढली आणि एकेक अक्षर लावत, लहान मुलीसारखं जपून, वच्छलाबाई असं लिहिलं. मोत्यांसारख्या त्या पानावर तेवढंच नाव जरा वाकडं आलं.